टाकीच्या तोंडाशी साखराबाई

साखराबाईचं सासर चाकूरकडच्या एका खेड्यात. घरची विहीर होती, बैलजोडी होती, खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं घर होतं. बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. विहिरीचा तळ उघडा पडला, बैलं कर्नाटकातल्या पाहुण्यांकडे नेऊन बांधली आणि नवराबायको दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दुपारी कामावर सुकडी मिळायची, घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर. ती भाकर गरम असेतो कशीबशी गिळली जायची, गार झाली की दगड.

साखराबाईचा नवरा अण्णाराव शांत माणूस. एकदा ठरवलं की मात्र मागं बघायचा नाही. खडीचं काम संपत आलं तसं तो एका सकाळी म्हणाला, "लातूरला मोंढ्यात माझा मामेभाऊ हमाली करतो. चल, जाऊन बघू." सासूने वाटेला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पाऊसपाणी झालं की परत यायचं, असं सांगून दोघं निघाली. पुढे पाऊसही झाला आणि विहीरही भरली, पण तोवर साखराबाईला लातूरची सवय होऊन गेली होती. शेत दिराने केलं. ही दोघं सणावाराला जायची आणि पुन्हा लातूरला परतायची.

अण्णाराव मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायला लागला आणि साखराबाई गुरुबसप्पांच्या डाळमिलीत. गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून पायी जाता येईल अशी ती जुनी, पत्र्याची, बसकी मिल होती. गुरुबसप्पांना सगळे आप्पा म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडाने फटकळ, पण बायांच्या पोरांच्या आजारपणाची न चुकता चौकशी करणारा हा माणूस. त्यांनी साखराबाईला हौदावर लावलं.

त्या काळी डाळ करायच्या आधी तूर हौदात भिजवत. हौदाला खाली तोंड होतं, त्याला लाकडी फळी लावलेली. फळी उचलायची, टोपली धरायची, टोपली भरली की फळी खाली. बाकीच्या बाया टोपल्या उचलून फरशीवर वाळवण घालायच्या. काम सोपं होतं आणि कंटाळवाणं. पण साखराबाईला नुसतं उभं राहणं जमायचं नाही. हात कामात असला की तिची नजर काहीतरी शोधायची आणि हौदावर बघण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे तुरीचं बाहेर पडणं.

भिजलेली तूर मऊ आणि बुळबुळीत. एकमेकींना चेपत, अंग चोरत ती सगळी मिळून खाली यायची. वरची पातळी पाण्यासारखी सपाट उतरायची आणि शेवटचा दाणासुद्धा आपल्या पायाने चालत आल्यासारखा यायचा. तोंडात अडकली असं वाटलं तरी क्षणभर थांबून, जरा दबून, आपोआप सुटायची. साखराबाई घरी येऊन अण्णारावला सांगायची, "भिजलेल्या तुरीला भांडण ठाऊक न्हाई."

अण्णाराव विचारायचा, "आन् कोरडी?"

"कोरडी लई हट्टी हाय."

कोरड्या तुरीची कोठी शेजारीच होती. तिच्या तोंडावर साखराबाईची पाळी आली तेव्हा तिला दिसलं की कडक दाण्याची तऱ्हाच वेगळी. कोठी भरलेली असो की निम्मी, धार तेवढीच. वरून ओझं वाढलं म्हणून कोरडी तूर घाई करत नाही. आणि ती सगळीकडून येतही नाही. नेमकी तोंडावरची, मधली तेवढी गळते, वर खळगा पडतो, कडेचे दाणे त्या खळग्यात घसरत येतात. भिंतीला चिकटून बसलेली तूर तशीच उभी राहते. एकदा वरून तूर ओतताना तिच्या हातातलं सूप निसटून आत पडलं. खाली तोंड उघडं होतं. सूप कडेला पडलं असतं तर राहिलं असतं. ते पडलं मधोमध. बघता बघता त्याला कुणी पाय धरून ओढावं तसं ते उभं झालं आणि तुरीत गडप झालं. खाली तोंडाशी आलं तेव्हा त्याच्या काड्या झाल्या होत्या. बाया हसल्या. साखराबाईही हसली, पण त्या दिवसापासून कोठीच्या काठावर वाकताना ती हात भिंतीला धरून वाकू लागली.

वर्षं गेली. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईत गुलाल उधळला गेला, हलवायांनी पेढे वाटले. कचेरीच्या कामासाठी उस्मानाबादची वाट धरायची पाळी आता संपली, याचंच लोकांना अप्रूप. शहर बाहेर सरकू लागलं. आप्पांनीही औसा रोडला जागा घेऊन नवी मिल उभारली. तिथे हौद नव्हता. तुरीला तेलपाणी लावून, ढीग मुरवून, वाळवून मग मशिनीवर घ्यायची अशी नवी रीत आली. आणि आल्या उंचच उंच लोखंडी टाक्या. वरून तूर चढवायला पट्ट्याच्या बादल्या, खाली निमुळतं नरसाळ्यासारखं बूड आणि त्याला सरकती लोखंडी झडप. झडपेवर कोण, असं विचारायची गरजच नव्हती. आप्पांनी साखराबाईकडे बोट केलं.

नव्या टाकीने पहिल्याच हंगामात सगळ्यांना रडवलं. तेलपाणी लावलेली तूर ना धड मऊ, ना धड कडक. वाळवण जरा कमी पडलं की दाण्याला दाणा धरायचा. खाली थोडी तूर गळायची आणि मग धार बंद. टाकी भरलेली, तोंड उघडं आणि एक दाणा येत नाही. आत तुरीने कमान धरलेली असायची, विटांच्या कमानीसारखी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मग कुणीतरी लाकडी मोगरीने टाकीला बाहेरून ठोकायचं. ठोकून काम भागलं नाही की वरून बांबूने ढोसायचं. सिद्धलिंग मिस्त्री, ज्याने ही सगळी यंत्रं बसवली होती, तो आप्पांना सांगायचा, "आप्पा, बुडाचा उतार वाढवावा लागंल आन् तोंड मोठं करावं लागंल. हंगाम सरू द्या, मी करून देतो." आप्पांनाही ते पटलं होतं. हंगाम सरायची वाट बघायची, एवढंच राहिलं होतं.

टाकीवर वीरण्णा असायचा. तिशीतला, अंगाने सडपातळ, निलंग्याकडचा. त्याची बायको उमादेवी खाली फरशीवर वाळवण उलथायची. दोघं एका डब्यात जेवायची. वीरण्णा साखराबाईला मावशी म्हणायचा, उमादेवी अक्का म्हणायची. उमादेवीचा गळा गोड होता. तूर पसरताना ती कानडी गाणी गुणगुणायची. साखराबाईला त्यातलं काही कळत नसे, तरी ती "पुन्हा म्हण की" म्हणायची.

एका दिवशी दुपारच्या जेवणानंतर धार थांबली. वीरण्णाने वरून बांबू घालून बघितला, पोचेना. खाली साखराबाईने मोगरीने ठोकून बघितलं. काही नाही. ती झडप उघडी ठेवून वाट बघत उभी राहिली. वीरण्णाने वर काय केलं ते तिला दिसत नव्हतं. तो आतल्या शिडीने उतरून तुरीवर उभा राहिला होता. वरून तूर घट्ट दिसत होती. पायाखाली पोकळी आहे, हे वरून कुणाला दिसणार? त्याने बांबू मारला आणि कमान फुटली.

साखराबाईला आधी आवाज ऐकू आला, पोटात गडगडल्यासारखा. मग झडपेतून तूर धो धो सुटली. आणि त्या आवाजात वरून वीरण्णाची हाक आली. हाक कसली, अर्धवट तुटलेला ओरडा.

तिने विचार केला नाही. झडपेचा दांडा धरला आणि अंग टाकलं. दाणे मधे येत होते, झडप निम्मी जाऊन अडली. तिने मोगरी घेतली आणि दांड्यावर घाव घातले. झडप कचकचत बसली आणि धार थांबली. मग तिने वर तोंड करून हाक मारली, "वीरण्णा! हाय का रं बाबा?"

वरून पंचाक्षरीचा आवाज आला. तो वीरण्णाचा जोडीदार, टाकीच्या काठावर पालथा पडून आत बघत होता. "हाय मावशी, हाय! छातीपर्यंत गेला. बोलायलाय."

मिल थांबली. माणसं धावली. दोराचा फास वीरण्णाच्या काखेत अडकवून वरून चौघांनी ओढलं तसा तो इतका कळवळून ओरडला की त्यांनी दोर सोडला. छातीपर्यंतची तूर ही चिखलासारखी माणसाला धरते. ओढलं तर हाडं निखळतील, पण माणूस निघायचा नाही. आप्पा धापा टाकत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"साखराबाई, झडप उघडा," ते म्हणाले. "खालून तूर जाऊ द्या. तूर गेली की माणूस मोकळा."

कुणालाही तेच सुचलं असतं. माणसं झडपेकडे सरकलीसुद्धा. साखराबाई दांड्याला पाठ लावून उभी राहिली.

"न्हाई आप्पा."

"न्हाई म्हणजे?"

"मधली तूर आधी जाती. त्यो मधीच हाय. उघडलं की त्यो खाली येईल, तूर न्हाई."

"बाई, येळ चाललाय!"

"जाऊ द्या. उघडणार न्हाई."

तेवढ्यात उमादेवी आली. हातात वाळवण ओढायचं फावडं तसंच होतं, ते कुठे टाकावं हेही तिला सुचलं नव्हतं. कुणीतरी तिला घाईघाईने सांगितलं की झडप उघडली तर मोकळा होईल, पण बाई उघडू देत नाही. ती साखराबाईच्या अंगावर धावून गेली.

"अक्का, उघड की! उघड गं!"

"उमा, ऐक माझं..."

"तुझा माणूस आत असता तर? तर उघडलं असतं न्हवं?"

अण्णारावचा चेहरा साखराबाईच्या डोळ्यांपुढे आला. खरंच, तो आत असता तर? आपण सूप बघितलंय, माणूस नाही. सुपाचं जे झालं तेच माणसाचं होईल, हे कुणी सांगितलं? पण दांडा तिने सोडला नाही. उमादेवीने तिचं मनगट धरलं, नखं लागली, तरी सोडला नाही.

"पोरी," ती शेवटी म्हणाली, "दुष्काळात नदीत पाण्यासाठी झिरा काढायचीस का तू? वाळूत?"

उमादेवी थांबली.

"मधी उकरलं की कडंची वाळू आत येती न्हवं? तसं हाय हे. मी उघडलं की चारी बाजूंनी त्याच्या डोक्यावर येईल. खालून उकरायचं न्हाई. वरून उकरावं लागंल, आन् वरून उकरलं की बी घसरती. त्याचं काय करावं ते मला ठाऊक न्हाई."

उमादेवीने मनगट सोडलं. तेरणेच्या पात्रात, आईबरोबर, उन्हात तापलेल्या वाळूत तिने लहानपणी कितीतरी झिरे उकरले होते. तिचे ओठ हलले आणि मग ती एकदम वळून ओरडली, "पिंप! बिनबुडाचं पिंप घालत होतो आम्ही! वाळूत पिंप दाबायचं आन् आतली वाळू काढायची. बाहेरची आत येत न्हाई."

सिद्धलिंग मिस्त्री गर्दीतच होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "तेलाचं रिकामं पिंप आणा," तो म्हणाला. "बूड काढू, उभं चिरू, दोन फाका करू. दोन बाजूंनी त्याच्याभोवती बसवू. आन् टाकीला कडंनं खिडक्या पाडू, चारी अंगांनी सारख्या, म्हणजे भोवतालची तूर उतरंल." कुणी गॅसने कापायचं नाव काढलं. तो खेकसला, "भुशाला ठिणगी लावता का? छिन्नी हातोडाच."

मग सगळ्यांच्या हातांना काम मिळालं आणि ओरडाआरडा थांबला. आत फळ्या आडव्या टाकून पंचाक्षरी उतरला. पिंपाच्या फाका वीरण्णाच्या दोन्ही अंगांनी लावल्या, डोलवत डोलवत खाली दाबल्या. तांब्याने आतली तूर काढायची, फाका आणखी दाबायच्या, पुन्हा काढायची. बाहेरून छिन्नीचे घाव पडत होते आणि पाडलेल्या खिडक्यांतून तूर झिरपत होती. उमादेवी शिडीवर चढून काठाशी बसली आणि नवऱ्याशी कानडीत बोलत राहिली. काय बोलली ते कुणाला कळलं नाही. आवाज मात्र रोजचा होता, वाळवणावरचा.

साखराबाई झडपेशीच उभी होती. कुणीतरी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. उन्हं कलायला आली तेव्हा वरून गलका झाला. वीरण्णाला दोराच्या झोळीत घालून बाहेर काढलं. पाय बधिर, ओठ फुटलेले, कानात तूर, नाकात तूर. जमिनीवर ठेवल्यावर त्याने आधी पाणी मागितलं. मग आप्पांना म्हणाला, "टाकीला लई भोकं पाडली की हो." आप्पा तिथेच मातीत बसले आणि रडले.

त्या संध्याकाळी साखराबाईला भाकरी थापता येईना. पीठ परातीबाहेर जात होतं. अण्णारावने परात आपल्याकडे ओढली. त्याच्या भाकरी जाड झाल्या, कडेला फाटल्या. दोघांनी त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. मग साखराबाई म्हणाली, "तुम्ही आत असता तर मी काय केलं असतं?"

अण्णारावने घास गिळला. "मी कशाला टाकीत उतरीन?" तो म्हणाला. "मला उंचीची भीती वाटती." साखराबाईला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

वीरण्णा सरकारी दवाखान्यात राहिला. साखराबाई रोज संध्याकाळी डबा घेऊन जायची. उमादेवी डबा घ्यायची, रिकामा डबा परत द्यायची, पण बोलायची नाही. रुसवा म्हणावा तर तसा नव्हता, राग म्हणावा तर तोही नव्हता. साखराबाईच्या मनगटावरचे ओरखडे वाळून खपल्या धरल्या, त्यांच्याकडे उमादेवी चोरून बघायची. साखराबाईने पदर ओढून मनगट झाकायला सुरुवात केली.

वीरण्णा घरी आल्यावर एका सुट्टीच्या दुपारी उमादेवी साखराबाईच्या दारात आली. आत बोलावलं तरी उंबऱ्यातच बसली. मग उमादेवीने विचारलं, "अक्का, खरं सांग. तुला नक्की माहीत होतं का?"

साखराबाई हो म्हणू शकली असती. सगळ्या मिलीत आता तेच म्हणत होते, बाईला ठाऊक होतं, बाईचा अभ्यास होता. पण समोर बसलेल्या बाईशी तिला तसं बोलवेना.

"न्हाई," ती म्हणाली. "नक्की न्हाई. वाटत होतं. लई वाटत होतं, पण नक्की न्हाई."

"आन् चुकली असतीस तर?"

"तर तू मला सोडलं नसतंस. आन् मी बी स्वतःला."

उमादेवीने हात पुढे करून साखराबाईचं मनगट पदराखालून बाहेर काढलं, खपल्यांवरून अंगठा फिरवला आणि त्या हातावर कपाळ टेकून रडली. आवाज न करता, पुष्कळ वेळ रडली. साखराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चूल विझून गेली होती. मग उमादेवीनेच उठून ती पेटवली आणि चहा टाकला.

हंगाम सरल्यावर सिद्धलिंगने टाक्यांची बुडं खोलली. उतार उभा केला, तोंडं रुंद केली. त्यानंतर कमान क्वचितच धरायची. आप्पांनी नियम केला की झडप बंद करून कुलूप घातल्याशिवाय टाकीत पाऊल टाकायचं नाही, कमरेला दोर नसेल तर नाहीच. किल्ली साखराबाईकडे. नव्या हमालांना हा जाच वाटायचा. "बाई, एवढं काय? नुसतं डोकावायचं हाय," असं कुणी म्हणालं की साखराबाई भांडायची नाही, जागची हलायचीही नाही. वीरण्णा पुन्हा टाकीवर चढला नाही. त्याने निलंग्याच्या एसटी स्टँडजवळ भावाबरोबर पंक्चरचं दुकान टाकलं. उमादेवी मात्र लातूरला राहिली. शनिवारी जायची, सोमवारी सकाळच्या गाडीने यायची. तिला मिल सोडवेना, असं ती सांगायची. वीरण्णा चिडवायचा की तिला साखरामावशी सोडवेना.

साखराबाईने पुढे बरीच वर्षं झडप सांभाळली. गुडघे धरले तेव्हा सोडली. आप्पांनी तिचा सत्कार करायचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "हार नको, फरशीवर सावलीला पत्रे टाका, बाया उन्हात करपायल्यात." आप्पांनी हारही घातला आणि पत्रेही टाकले.

म्हातारपणी ती आणि अण्णाराव लातूरच्याच दोन खोल्यांत राहिली. दुपारी बाया यायच्या, कुणी वाती वळायला, कुणी नुसत्या टेकायला. एखाद्या नव्या मुलीने तो दिवस सांगायला लावला की साखराबाई थोडक्यात सांगायची, "वीरण्णा अडकला, उमाने पिंप सुचवलं, मिस्त्रीने चिरलं, पंचाक्षरीने काढला." आपलं नाव त्यात यायचं नाही. मग उमादेवी, आता तीही पिकलेल्या केसांची, वातीवरून नजर न उचलता म्हणायची, "आन् या बाईला मी बोचकारलं." दोघी हसायच्या. बाहेर अण्णाराव खाट अंगणातल्या लिंबाच्या सावलीत सरकवत असायचा, कारण सावली सारखी हलायची आणि त्याला झोप लागायला आलेली असायची.